क्रॉसबो कोणता घ्यावा? खांदा गेलेला, बोटं आखडलेली, बजेट ७०० डॉलर

सांगलीची_हळद, १७ ऑगस्ट
नमस्कार मंडळी. विषय वाचून काहींच्या भुवया वर जातील, म्हणून आधीच सांगतो. मी ओहायोत राहतो. इथे परवाना काढून, हंगामात, हरणाची शिकार कायद्याने करता येते. नऊ वर्षं कंपाउंड बोने (चाकं लावलेलं, हाताने ओढायचं धनुष्य) करतोय. मित्राच्या मक्याच्या शेताकडेला जमिनीवर तंबू टाकून बसतो. झाडावर चढत नाही.

मागच्या हिवाळ्यात उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं, रोटेटर कफ. त्यात तीन वर्षांपासून ऱ्हुमॅटॉइड आर्थरायटिस (आरए, सांधे सुजतात) आहेच, सकाळी तासभर बोटं मिटत नाहीत. फिजिओवाल्या बाईंनी बजावलंय, वीस पौंडांच्या वर ओढायचं नाव काढायचं नाही. म्हणजे कंपाउंड बो संपला. आता क्रॉसबो, म्हणजे बंदुकीसारखा दस्ता आणि घोडा असलेलं आडवं धनुष्य, एकदा ताणलं की दोरी अडकून राहते.

बजेट ७०० डॉलर, स्कोप आणि बाण धरून. पंचवीस यार्डांपलीकडे मी मारत नाही. खरा प्रश्न एकच: ताणायचा कसा? वय ५८.

मिशिगनमावळा
काका, डोळे झाकून रॅविन कंपनीचा घ्या. माझ्याकडे आर-१० आहे. क्रँक (ताणायचं फिरतं हँडल) आतच बसवलेला, ताणल्यावर रुंदी जेमतेम सहा-साडेसहा इंच, तंबूच्या कापडाला कुठे घासत नाही. गेल्या नोव्हेंबरात ७२ यार्डांवर दहा टोकांच्या शिंगांचा नर पाडला. फोटो टाकतो. बजेट थोडं वाढवा, आयुष्यात एकदाच घ्यायची वस्तू आहे.

सांगलीची_हळद
थोडं म्हणजे किती?

मिशिगनमावळा
दुप्पट. थोडं जास्तच.

खारे_दाणे
आणि रॅविनला नॉक (बाणाच्या शेपटाची खाच) रॅविनचेच लागतात हे नाही सांगितलंत मावळे. बाण हरवला की खिसा रडतो. ७२ यार्डांवर हरणाला मारणं यात बढाई कसली? बाण पोचेपर्यंत हरणाने एक पाऊल टाकलं तर पोटात लागतो, आणि मग ते रात्रभर रानात मरत पडतं.

मिशिगनमावळा
ज्याला जमतं त्याने मारावं. तुम्ही वीसवर मारा.

पर्वती_पायथा
माफ करा, पण मराठी संकेतस्थळावर हे काय चाललंय? वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. हरणाला हात लावला तर तुरुंग. छंद म्हणून प्राणी मारायचे आणि वर सल्ले मागायचे!

सांगलीची_हळद
पहिला परिच्छेद वाचलात का? ओहायो. भारतातला कायदा मला ठाऊक आहे, माझ्या आजोबांची ठासणीची बंदूक त्यानंतर भिंतीवरच राहिली. आणि मी खातो. वर्षाला एक हरीण, फ्रीजरभर, घरच्या कांदा-लसूण मसाल्यात.

भाऊ_मिनेसोटा
आधी डॉक्टरचा दाखला घ्या. क्रॉसबोला वैद्यकीय परवाना लागतो. आमच्याकडे साठीच्या आतल्या माणसाला फॉर्म भरल्याशिवाय चालत नाही. मी स्वतः भरलाय.

खारे_दाणे
भाऊ, तुमच्याकडेही २०२३ साली धनुष्याच्या हंगामात सगळ्यांना क्रॉसबो खुला झाला. आणि काका ओहायोत आहेत, तिथे कसलाच दाखला लागत नाही. फक्त ताण ७५ पौंडांपेक्षा कमी नको.

भाऊ_मिनेसोटा
असेल. दाखला जवळ असलेला बरा.

एकलव्य_२
सगळे ताणण्यावर बोलताहेत, मी अंगठ्यावर बोलतो. मूळ एकलव्याचा द्रोणाचार्यांनी मागून घेतला, माझा दोरीने न विचारता घेतला. नखासकट टोक. कंपनीचं नाव घेत नाही कारण चूक माझी होती. डाव्या हाताने पुढची बाजू धरली होती, अंगठा रुळाच्या वर आला आणि घोडा ओढला. दोरी त्या रुळावरूनच सणसणत जाते. कळलं तेव्हा हातमोजा लाल झाला होता.

काका, तुमची बोटं पूर्ण मिटत नाहीत म्हणालात. तसं असेल तर पकड सैल राहते आणि अंगठा आपोआप वर सरकतो. पकडीला बाजूने रुंद पाखं असलेलाच क्रॉसबो घ्या. त्याहून बरं म्हणजे पुढची बाजू तिपाईच्या बेचक्यात ठेवा आणि डावा हात मागे, दस्त्याखाली न्या. पुढे हातच नको.

सांगलीची_हळद
हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आभारी आहे, आणि अंगठ्याबद्दल वाईट वाटलं.

संत्रा_बर्फी
आपल्या नागपूरचा ओजस देवतळे २०२३ साली बर्लिनला कंपाउंडमध्ये विश्वविजेता झाला! धनुर्विद्या म्हणजे नागपूर!

कंदी_पेढा
त्याच स्पर्धेत आमच्या साताऱ्याची अदिती स्वामी महिलांमध्ये विश्वविजेती झाली, तीही सतराव्या वर्षी. हे विसरलात वाटतं.

संत्रा_बर्फी
विसरलो नाही, तुम्ही लिहाल म्हणून सोडलं होतं. आणि काका, खचू नका. शीतल देवीला दोन्ही हात नाहीत, पायाने धनुष्य धरते, खांद्याने आणि जबड्याने ओढते, आणि २०२४ ला पॅरिसच्या पॅरालिंपिकमध्ये राकेश कुमारबरोबर कांस्य जिंकलं.

सांगलीची_हळद
तिला दंडवत. पण तिचा खांदा चालतो, माझा नेमका तोच गेलाय.

गावठी_आंबा
टेनपॉइंट कुणीच कसं सुचवलं नाही? कंपनी तुमच्याच ओहायोतली, मोगाडोरची. त्यांचाच स्वस्त ब्रँड विकेड रिज. त्यात अ‍ॅक्यूड्रॉ क्रँक बसवलेलं मॉडेल घ्यायचं. मागच्या दस्त्यात हँडल लावून फिरवायचं, पाच-दहा पौंडांचा जोर पुरतो. जुनं मॉडेल सवलतीत तुमच्या बजेटच्या जवळ सापडेल. नुसत्या दोरीवाला (ताणायला हातांनी ओढायची वेगळी दोरी, कॉकर) घेऊ नका. दोरीने ताण निम्मा होतो, म्हणजे २०० चे १००. तुमच्या खांद्याला शंभरही चालणार नाहीत.

मिशिगनमावळा
क्रँकच हवा तर रॅविन.

कोंबडी_वडे
मी सांगतो क्रँकचं. एका कंपनीचा (नाव जाऊ दे) वेगळा जोडायचा क्रँक घेतला, २०० डॉलर मोजून. दुसऱ्याच हंगामात पट्टा सुटला, हँडल उलटं फिरलं आणि मनगटावर बसलं. दोन आठवडे डाव्या हाताने जेवलो. सर्व्हिसवाल्याला फोन केला तर म्हणे, हँडल सोडायचंच नव्हतं! ज्याच्यात मध्येच हात सोडला तरी दोरी जागच्या जागी राहते तोच घ्या, आणि दुकानात सोडून बघा. ताणलेला क्रॉसबो बाण न सोडता परत उतरवता येतो का तेही विचारा. बऱ्याच स्वस्तातल्यांना येत नाही. संध्याकाळी अंधारात एक बाण मातीत किंवा टारगेटच्या पिशवीत मारूनच उतरवावा लागतो.

चष्मेबहाद्दर
एक बारीकसा प्रश्न. क्रॉसबो 'तो' की 'ते'? धनुष्य ते, म्हणून क्रॉसबो ते. धाग्यात सगळ्यांनी 'तो' लिहिलंय.

गावठी_आंबा
आमच्या घरी 'ती'. बायको म्हणते, ती आल्यापासून तुमचं माझ्याकडे लक्ष नाही.

मूगडाळ
मी विस्कॉन्सिनला असते. मला अकरा वर्षं आरए आहे आणि सहा वर्षं क्रॉसबो चालवते, म्हणून जरा लांबण लावते.

क्रँकला जोर लागत नाही हे खरं. पण जोर वेगळा आणि मनगट वेगळं. नोव्हेंबरात पहाटे पाचला, सुजलेल्या मनगटाने हँडल परत परत गोल फिरवून बघा. मला दहा पौंड उचलता येतात, पण दह्याच्या डब्याचं फिरकीचं झाकण उघडता येत नाही. इथल्या सुदृढ लोकांना हा फरक कळणार नाही, त्यांचा दोष नाही.

तेव्हा हळदकाका, नेटवरून मागवू नका. दुकानात जा, सकाळी जा. दुपारपर्यंत आपले हात सैल होतात आणि आपल्याला फसवतात. शिकारीला घालता तेच हातमोजे घालून जा. क्रँक एकदा नाही, लागोपाठ तीनदा फिरवा. सेफ्टीचा खटका अंगठ्याने ढकलून बघा. काही इतके ताठ असतात की मला दोन्ही हात लागले, आणि खटकन आवाज झाला की हरीण गेलंच. घोड्याच्या कड्यात मोज्यासकट बोट जातं का? ऑपरेशन झालेल्या खांद्याला दस्ता टेकतो कुठे, की डाव्या खांद्यावर घ्यावा लागणार? वजन सात-आठ पौंडांचं असतं, त्यातलं बरंचसं पुढे. तिपाई हवीच, एकलव्यदादा म्हणाले तेच.

विजेवर ताणला जाणाराही असतो, रॅविनचा आर-५००ई. किंमत बघून मी लॅपटॉप मिटला.

मिशिगनमावळा
बघा, ताईसुद्धा रॅविनच म्हणताहेत.

मूगडाळ
मी तसं म्हटलेलं नाही.

निवांत_नाना
४१५ फूट प्रतिसेकंदाच्या खालचं काहीच घेऊ नका. हरीण आवाज ऐकून खाली बसतं आणि बाण पाठीवरून जातो. वेग असेल तर ऐकायच्या आत काम होतं.

खारे_दाणे
नाना, हिशेब करू. पंचवीस यार्ड म्हणजे ७५ फूट. ४१५ चा बाण ०.१८ सेकंदात पोचतो, २८५ चा ०.२६ मध्ये. आवाज सेकंदाला अकराशे फुटांच्या आसपास जातो, म्हणजे ०.०७ मध्ये पोचला. दोन्ही वेळा हरीण आधी ऐकतं. फरक आठ शतांश सेकंदाचा. त्यासाठी जास्त ताण, जास्त आवाज, जास्त पैसे. काका पंचवीसच्या पुढे मारत नाहीत, त्यांना हा वेग काय करायचाय? हलक्या बाणांनी वेग वाढवायच्या भानगडीतही पडू नका. कंपनी सांगते त्याहून हलका बाण लावला तर रिकामी दोरी सोडल्यासारखा धक्का बसतो, लिंब (धनुष्याच्या दोन बाजूंच्या भुजा) तडकतात.

निवांत_नाना
माझा ४३० चा आहे. एवढंच सांगायचं होतं.

पर्वती_पायथा
अजून कुणालाच लाज वाटत नाहीये.

सांगलीची_हळद, ९ सप्टेंबर
मंडळी, घेतला. आता शिव्या द्या.

मूगडाळताईंचं ऐकून शनिवारी सकाळी दुकान उघडताच गेलो, मोजे घालून. तीन क्रँक फिरवले. पहिला जमला. दुसऱ्याच्या दुसऱ्या फेरीला मनगटातून अशी कळ गेली की दुकानदाराने खुर्ची दिली. तिसऱ्याला हातच लावला नाही, नुसता बघितला. मोजणीत चुकलो असेन, पण तीन म्हणायचं ठरवून गेलो होतो.

मुलगी बरोबर होती. वय १९, कॉलेजात रोइंग करते. ती म्हणाली, बाबा, ताणायचं काम तुम्हीच का करायचं?

म्हणून एका म्हाताऱ्या गृहस्थाकडून जुना एक्सकॅलिबर व्हिक्सन घेतला. साधा रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेला), ना कॅम (चाकं) ना केबल, १५० पौंड, २८५ चाच वेग. २६० डॉलर, सहा बाण आणि स्कोपसकट. दोरी मी नवी घातली. रिकर्व्हची दोरी घरच्या घरी बदलता येते, लिंब वाकवायचा प्रेस लागत नाही. रिकिबीत पाय घालून दोरीच्या कॉकरने पोरगी एका दमात ताणते. मी बसून तिपाईवरून सोडतो. परसात पंचवीस यार्डांवर पाचपैकी पाच कागदी ताटलीत गेले. तिने हंटर एज्युकेशनचा कोर्स करून परवानाही काढला.

गावठी_आंबा
काका! दोरीवाला घेऊ नका असं ठळक सांगितलं होतं. आणि रिकर्व्हची रुंदी? तंबूच्या खांबाला लिंब आपटलं तर?

सांगलीची_हळद
आपटलं, परसातच, तालमीत. आता मधली खुर्ची मागे घेतलीय आणि दोन खिडक्या बंदच ठेवणार.

कोंबडी_वडे
पोरीला वेळ नसेल तेव्हा काय?

सांगलीची_हळद
सोमवार ते शुक्रवार हरणांना सुट्टी.

मिशिगनमावळा
उरलेले ४४० डॉलर रॅविनसाठी बाजूला टाका.

सांगलीची_हळद
त्यातले ९० तिपाईला गेले. आणि हरीण ओढायची चाकाची गाडी घ्यायचीय, दीडशे पौंडांचं धूड आता माझ्याने ओढवणार नाही. उरलेल्यावर पोरीने डोळा ठेवलाय.

मूगडाळ
छान केलंत. दोनच प्रश्न. सेफ्टीचा खटका तुमच्या अंगठ्याने सरकतो का? आणि दिवस मावळला, हरीण आलंच नाही, तर ताणलेला क्रॉसबो उतरवणार कोण?

सांगलीची_हळद
खटका ताठ आहे. अंगठ्याने नाही होत, वाकवलेल्या तर्जनीच्या पेराने ढकलतो. मोज्यात थोडं चुकतं, सराव चालू आहे. उतरवायला गाडीत टारगेटची पिशवी ठेवलीय. शेवटचा बाण तिच्यात मारायचा, बोथट टोकाचा. तो कोणी मारायचा यावरून काल घरी भांडण झालं. सध्या आळीपाळीने ठरलंय, पहिल्या शनिवारी तिचा नंबर.