आजोबांच्या डबीतला हिरवा खडा: काय आहे, कुणाला दाखवू?

फोंड्याचा नातू:
घराची डागडुजी चाललीय. आजोबांचं शिसवी कपाट हलवताना सिगारेटच्या पत्र्याच्या डबीत, कापसात ठेवलेला खडा मिळाला. लिंबाएवढा तपकिरी दगड, त्यावर हिरव्यागार चौकोनी पापुद्र्यांचे गुच्छ, अभ्रकासारखे चकचकीत. झाकणाच्या आत चिठ्ठी: ‘ऊर्जेइरिसा, १९५४’. आजोबा लिस्बनला शिकायला होते, एवढंच ठाऊक. शेजारी पाचू म्हणतात, सोनार काच म्हणाला. किंमत कुठे कळेल?

दगडवेडा:
चिठ्ठीने निम्मं काम केलंय. ऊर्जेइरिसा ही पोर्तुगालमधली युरेनियमची खाण, आधी तिथे रेडियमसाठी खणायचे. चौकोनी हिरवे पापुद्रे म्हणजे बहुधा टॉर्बर्नाइट: तांबं आणि युरेनियमचं फॉस्फेट, पोटात पाणी धरलेलं. पाचूच्या कांड्या षटकोनी असतात. अंधारात अतिनील टॉर्च मारा. ह्याचा भाऊबंद ऑटुनाइट पिवळट-हिरवा झगझगतो; इथे तांबं ती चमक मारून टाकतं. नख मात्र लावू नका, फार मऊ असतो, भुगा पडतो.

फोंड्याचा नातू:
टॉर्च मारली, ढिम्म. नख कालच लावून झालंय. आणि आई तो देव्हाऱ्यात ठेवायला निघाली होती.

दगडवेडा:
हात साबणाने धुवा. कापूस झटकू नका, डबीसकट पिशवीत बांधा. भुगा श्वासातून किंवा तोंडातून पोटात जाणं, खरी भीती त्याची. शिवाय यातून रेडॉन हा किरणोत्सारी वायू सुटतो आणि बंद डबीत साठतो, म्हणून उघडायची ती अंगणात. देव्हारा नको, झोपायची खोली तर मुळीच नको.

मिरामारकर:
अरे युरेनियम! करोडोंचा माल. टाक ऑनलाइन.

डिचोलीचा खाणवाला:
टाका, आणि मग चौकीवरचा चहा प्या. २०२१ मध्ये मुंबईत सात किलो युरेनियमसकट दोघांना एटीएसने उचललं होतं. अणुऊर्जेचा कायदा आहे, परवान्याशिवाय हा व्यवहार नाही. कुरियरनेही पाठवू नका.

आणि असा खडा युरेनियमच्या भावाने कुणी मोजत नाही. परदेशातले संग्राहक स्फटिकांचे कोपरे बघतात, झळाळी बघतात आणि चिठ्ठी बघतात. टॉर्बर्नाइट कोरड्या हवेत पाणी सोडून मेटाटॉर्बर्नाइट होतो, पापुद्रे धुरकट पडून सुटू लागतात. सत्तर वर्षांनी तुमचे अजून चकचकीत असतील तर नवलच. चिठ्ठी जपा बाबा. ती गेली की उरतो नुसता हिरवा दगड, मग कितीही सांगा आजोबा लिस्बनला होते म्हणून.

दाखवायचं तर ताळगावला गोवा विद्यापीठात भूशास्त्रवाल्यांना आधी फोटो दाखवा, खडा खिशात घालून जाऊ नका. पक्की ओळख आणि पुढे काय करायचं ते अणुखनिज संचालनालयाला विचारा. मुख्यालय हैदराबादला, आपल्याला जवळचं कार्यालय बंगळुरूचं.

फोंड्याचा नातू:
फोटो काढले, शेजारी रुपया ठेवून. डबी परसातल्या लाकडांच्या खोपीत नेलीय. सोमवारी ताळगावला जातो.

कपाटात आणखी दोन डब्या आहेत. एकीवर काहीच लिहिलेलं नाही.

दगडवेडा:
अंगणात उघडा!