मदत हवी आहे: जिल्ह्याचं सादरीकरण, शनिवारच्या आत

फिरतीवर
नमस्कार मंडळी. आपल्या जिल्ह्यात बाहेरच्या उद्योजकांनी यावं म्हणून सादरीकरण करायचंय. बारा स्लाईड झाल्यात: किल्ला, समुद्र, दशावतार, आंबा, परत समुद्र. अध्यक्षांना आवडलंय, मला नाही. काय टाकू, काय काढू? घोषवाक्यही हवंय, 'निसर्गाच्या कुशीत' सोडून काहीही. गुगल कर म्हणू नका, केलंय. शनिवारी सकाळी आहे.

घाटावरचा
कोणता जिल्हा? पालघरपासून खाली सगळ्यांनाच समुद्र आहे. दशावतारावरून ओळखायचं का?

फिरतीवर
सिंधुदुर्ग. लिहिलं नव्हतं का? सॉरी.

आकडेमोड
समोर कोण बसणार ते कुठे लिहिलंय? हॉटेलवाला, सॉफ्टवेअरवाला आणि लोणचीवाला, तिघांना एकच स्लाईड दाखवणार असाल तर बाराच्या जागी बावन्न करा, फरक पडणार नाही.

हापूसप्रेमी
आंब्याचा विषय निघालाच आहे म्हणून. पेटीवर देवगड छापलेलं असतं आणि आत भलताच आंबा निघतो. ओळखायचा कसा? हापूसला भौगोलिक मानांकन २०१८ मध्येच मिळालंय ना?

पुळण
विमानतळाची स्लाईड आहे का? नसेल तर पहिली तीच टाका. चिपीचं उद्घाटन ऑक्टोबर २०२१ मध्ये झालं. इतक्या लहान जिल्ह्याला विमानतळ, ही सांगायची गोष्ट आहे.

घाटावरचा
सांगायची गोष्ट आहे, दाखवायची नाही. शनिवारच्या आठवड्यात तिथून काय उडतंय ते बघून बोला, नाहीतर कोणीतरी तिथेच मोबाईलवर तिकीट शोधेल. सावंतवाडी-दोडामार्गवाल्यांना तसंही गोव्यातला मोपा विमानतळ जवळ.

पुळण
म्हणजे गोव्याची जाहिरात करायची?

घाटावरचा
माल घेऊन जाणाऱ्याला हद्द दिसत नाही हो, अंतर दिसतं. आणि लोणचं विमानाने जात नाही. महामार्ग ६६ आणि कोकण रेल्वे दाखवा.

फिरतीवर
भांडू नका, वेळ कमी आहे. पुण्यातले वीस-पंचवीस लोक आहेत, बहुतेक अन्नप्रक्रिया आणि पॅकिंगवाले. पाच-सहा आपलेच गाववाले, तिकडे स्थिरावलेले. मला वीस मिनिटं आहेत. आम्ही खासगी व्यापारी संघ, सरकारी नाही.

आकडेमोड
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलं असतं तर निम्मा धागा वाचला असता.

बोंडूवाला
मग माझं ऐका. अकरा वर्षं काजूचा छोटा कारखाना चालवतोय, कुडाळ तालुक्यात. 'मुबलक मनुष्यबळ' असं कुठे लिहिलंय का? लिहिलं असेल तर आधी ते काढा. २००१ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ८,६८,८२५ होती, २०११ मध्ये ८,४९,६५१. माणसं वाढायच्या ऐवजी कमी झाली. आंब्याच्या बागा राखायला नेपाळहून गडी येतात, हे गाववाल्यांना माहीत असणारच. खोटं पहिल्या पाच मिनिटांत पकडलं जाईल.

खरं सांगायचं तर हे सांगा. काजूची बी मार्च ते मेमध्ये येते, तेव्हाच वर्षभराची उचलावी लागते. म्हणजे यंत्रापेक्षा जास्त पैसा गोदामात पडून. बँकेला हे समजावण्यात माझी पहिली दोन वर्षं गेली, शाखाधिकारी म्हणायचे यंत्राला देतो, बीला कसं देऊ? आमच्याकडची बी कमी पडली की आफ्रिकेतली घ्यायची. पावसात हवा इतकी दमट की गर मऊ पडतो, म्हणून ड्रायर आणि हवाबंद पॅकिंग पहिल्या दिवसापासून धरायचं. वीज गेली तर जनरेटर. गर सोलायला आणि प्रतवारीला बायका येतात, हात चांगले आहेत, पण भातलावणीत आणि गणपतीत येणार नाहीत, ते वेळापत्रकात धरूनच चालायचं.

आणि संधी सांगायची तर बोंडू, म्हणजे काजूचं फळ. पलीकडे गोव्यात त्याची फेणी होते, इकडे बहुतेक झाडाखाली कुजतो. समोर अन्नप्रक्रियावाले आहेत ना? हीच स्लाईड मोठी करा.

फिरतीवर
'मुबलक आणि कुशल' असं लिहिलंय. काढतो.

तळकोकणी
ता सगळा ऱ्हवांदे, जमीन खय आसा? सातबाऱ्यार बावीस नावां, त्यातली सोळा मुंबैक. सही कोण करतलो? माझ्या चुलत्यान तीन वर्षां हिस्सेदार जमवले, शेवटी एक बडोद्याक गावलो. तोपर्यंत गिऱ्हाईक पळालो.

आकडेमोड
हेच. शिवाय कूळकायद्याच्या कलम ६३ मुळे शेतकरी नसलेल्याला शेतजमीन सहजी घेता येत नाही. उद्योगासाठी वाट आहे, पण अटींसकट, ते वकिलाकडून वदवून घ्या. त्यापेक्षा कुडाळ एमआयडीसीत रिकामे भूखंड किती, हे शुक्रवारपर्यंत तिथे विचारून या.

पुळण
एमआयडीसीतच जायचं तर पुणेवाला इतक्या लांब कशाला येईल? पर्यटनावर भर द्या. १९९७ पासून आपण पर्यटन जिल्हा आहोत.

बोंडूवाला
म्हणून तर दर दुसरा माणूस होमस्टे काढतो. मे महिन्यात खोली मिळत नाही, जुलैत माणूस मिळत नाही.

पुळण
होमस्टेवर माझ्या बहिणीची दोन मुलं शिकली. हसू नका.

बोंडूवाला
हसलो नाही ताई. पॅकिंगवाल्याला ते का दाखवायचं, एवढंच विचारतोय.

निवांत५५
सातबाऱ्यावरून आठवलं. निवृत्तीनंतर मालवणकडे अगदी समुद्रासमोर पाच गुंठे घ्यायचा विचार आहे. साधारण काय भाव चाललाय?

आकडेमोड
आधी सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामाचे नियम बघा. विरळ वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत नवीन बांधकामाला मनाई असते. आणि यासाठी नवा धागा काढा.

फिरतीवर
प्लीज. अनुदानाबद्दल कोणी सांगेल का?

गोणपाट
सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख. पण ते कर्जाशी जोडलेलं आहे, रोख हातात येत नाही. 'सरकार १० लाख देतं' असं बोललात तर लोक नंतर तुम्हालाच फोन करतील. अर्ज सध्या घेतायत का, हे कृषी कार्यालयात विचारूनच बोला. आणि मानांकनाचा शिक्का पाकिटावर छापायचा तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते, पॅकिंगवाले हे नक्की विचारतील.

फिरतीवर
आता सात स्लाईड उरल्यात. समुद्र एकच. बोंडू, बीचा हंगाम आणि खेळतं भांडवल, कामगारांची खरी स्थिती, रस्ता-रेल्वे, अनुदान, शेवटी भूखंड. उद्या एमआयडीसीत जातोय. बोंडूवाला, तुम्ही शनिवारी येऊ शकाल? गाडीखर्च संघ देईल. अध्यक्ष फक्त दशावतारासाठी अडून बसलेत.

बोंडूवाला
येतो. पण पाच मिनिटंच बोलेन, आणि गाडीखर्च नको, येताना पुण्यातून ड्रायरचा एक पार्ट आणायचाच आहे.

तळकोकणी
दशावतार चायच्या टायमाक लाव. अध्यक्षांकच राजा कर.

हापूसप्रेमी
पेटीचं अजून कोणी सांगितलं नाही.