ओलोरोफिम (बुरशीविरोधी नवं औषध) मागवायचंय, मदत हवी आहे (सांगली)

फुप्फुसात बुरशी शिरण्याच्या आजारात, म्हणजे इनव्हेजिव्ह अ‍ॅस्परजिलोसिसमध्ये व्होरिकोनाझोल या नेहमीच्या औषधाला दाद न देणाऱ्या पेशंटसाठी ओलोरोफिम कंपॅशनेट यूजवर (मान्यतेआधी गंभीर पेशंटला खास परवानगीने) कुणी मागवलंय का? अमेरिकेच्या एफडीएने 2023 मध्ये मान्यता दिली नव्हती. भारताच्या 2019 च्या नवीन औषध नियमांतला सीटी-24 हा मान्यता नसलेलं औषध आयात करण्याचा अर्ज सरकारी रुग्णालयांसाठी होता. खासगी रुग्णालयाने आज थेट अर्ज करावा की मिरजेच्या सरकारी कॉलेजमार्फत?

व्होरिकोनाझोलची ट्रफ लेव्हल (पुढच्या डोसच्या आधीची रक्तातली पातळी) मिलिलिटरला 1 ते 5.5 मायक्रोग्रॅममध्येच आहे, म्हणजे डोस कमी पडल्याची शंका मिटली. आता एमआयसी (बुरशीची वाढ थांबवणारी औषधाची किमान मात्रा) हवी. तासगाव पट्ट्यात द्राक्षांवर हेक्साकोनाझोल, टेब्युकोनाझोल फवारलं जातं. औषध वेगळं, घराणं व्होरिकोनाझोलचंच, अझोल. त्यामुळे पेशंटने आधी अझोल घेतलं नसलं तरी रेझिस्टन्सची (औषधाला दाद न देण्याची) शक्यता धरावी.

म्युकर या बुरशीवर ओलोरोफिम चालत नाही, कँडिडावरही नाही. म्हणून केओएच स्लाइडवर (नमुना पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली) पडदे असलेले, 45 अंशांत फाटे फुटणारे बारीक तंतू दिसले, तरी कल्चर हवंच; फ्युजेरियम ही दुसरी बुरशीही तशीच दिसते. बायोप्सीचा अख्खा तुकडा फॉर्मलिनमध्ये गेला की कल्चर संपलं! अर्धा साध्या निर्जंतुक सलाइनमध्ये ठेवा.

ओलोरोफिमचा चाचणीतला डोस पहिल्या दिवशी 150 मिलिग्रॅम दोनदा, नंतर 90 दोनदा, तोंडाने. यकृताच्या एन्झाइम्सवर लक्ष लागतं. खरी अडचण रिफॅम्पिसिनची: टीबीचं हे औषध चालू असेल तर रक्तातली ओलोरोफिमची पातळी पडणार. अशा वेळी रिफॅम्पिसिन बदलून किती दिवस थांबलात? आणि तोवर दुसरं बुरशीविरोधी औषध, लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिन रोज 3 मिलिग्रॅम प्रति किलोवर भागवलं का?