स्वस्तातली ब्लेंडेड स्कॉच चवीनं प्यायची असते का?

तिसरा_पेग (धागाकर्ता) :
परवा एका मित्राकडे बसायचा बेत होता. जाताना टीचर्स हायलँड क्रीमचा खंबा नेला. यजमानांनी तो हातात तोलून म्हटलं, "बरं झालं, सोड्यात घालायची सोय झाली. चवीची आत आहे." चवीची म्हणजे कपाटातली सिंगल माल्ट, एकाच डिस्टिलरीत नुसत्या मोडाच्या जवापासून केलेली. तेव्हा हसून सोडून दिलं, पण घरी येईपर्यंत ते वाक्य काही डोक्यातून जाईना.

माझं म्हणणं एवढंच की एका सिंगल माल्टच्या पैशांत जिच्या दोन-तीन बाटल्या येतात त्या ब्लेंडला (अनेक डिस्टिलऱ्यांच्या व्हिस्की मिसळून केलेली स्कॉच) माल्टची फूटपट्टी लावू नये. ब्लेंड म्हणजे गोडा मसाला. एखाद्या वर्षी धणे हलके निघतात, एखाद्या वर्षी खोबरं तेलकट, पण आईच्या आमटीला वास तोच येतो. ब्लेंडरचं कसब हेच. पिंपं बदलत राहतात, बाटली बदलत नाही. टीचर्समधलं दगडफूल म्हणजे आर्डमोर. ॲबर्डीनशायरमधली ही डिस्टिलरी टीचर मंडळींनी १८९८ मध्ये आपल्या ब्लेंडला माल्ट पुरवायलाच काढली. आजूबाजूच्या बहुतेकांनी पीटच्या (दलदलीतल्या जळाऊ मातीच्या) धुरावर जव वाळवणं सोडलं, हिनं धरून ठेवलं.

माझी पद्धत : पोटात फुगीर आणि तोंडाशी निमुळता ग्लास, ३० मिली, बर्फ नाही. दहा मिनिटं तसाच ठेवायचा. मग तोंड किंचित उघडं ठेवून वास घ्यायचा, नाहीतर अल्कोहोल थेट नाकात चढतं. मला आधी सातूचं पीठ भाजल्याचा वास येतो, मग सफरचंदाची साल आणि थोडा मध. अगदी शेवटी, गिळून झाल्यावर, पहाटे मागच्या अंगणात बंब पेटवल्यावर यायचा तसा धूर. चमचाभर पाणी घातलं की तो धूर पुढे येतो.

जाणकारांनी मत द्यावं. 'आम्ही पीत नाही'वाल्यांचंही स्वागत.

माल्टमार्तंड :
सपशेल असहमत. गोड्या मसाल्यात कोणी भुसा मिसळत नाही. अशा ब्लेंडमध्ये बहुतेकदा निम्म्याहून जास्त ग्रेन व्हिस्की असते, म्हणजे गहू किंवा मक्याचं, कॉलम स्टिलमधून (दारू गाळायच्या उंच स्तंभातून) काढलेलं, वास-चव बरीचशी धुऊन निघालेलं स्पिरिट. वर कॅरॅमलचा रंग. स्कॉचच्या नियमात तो चालतो, पण जर्मनीत बाटलीवर 'रंग घातला आहे' असं छापावं लागतं. आपल्याकडे लोक तो सोनेरी रंग उजेडात धरून 'काय मुरलीय!' म्हणतात. आणि वय? लेबलवर आकडा नाही, म्हणजे कायद्यानं किमान तीन वर्षं, त्यापुढे रामभरोसे. बंबाचा धूर तुम्हाला बालपणातून येतोय, ग्लासातून नाही.

तिसरा_पेग :
भुसा नाही हो, धणे! गोड्या मसाल्यात वजनानं सगळ्यात जास्त काय असतं? नुसते धणे कोणी भाकरीबरोबर खात नाही, पण ते काढले तर दगडफूल आणि नागकेशर घशात टोचेल. ग्रेनचं काम तेच.
तुमचा आक्षेप तसा शंभर वर्षं जुना आहे. ग्रेनला व्हिस्की म्हणायचं की नाही यावरून १९०५ च्या सुमारास लंडनच्या इझ्लिंग्टन भागात दुकानदारांवर खटले झाले. शेवटी रॉयल कमिशन बसलं आणि १९०९ मध्ये त्यानं निकाल दिला की हीही व्हिस्कीच.

माल्टमार्तंड :
कमिशननं नाव काय द्यायचं ते ठरवलं, चव नाही ठरवली. आणि दरवर्षी तीच चव हे कौतुक मला कळत नाही. उडप्याचा सांबारही ठाण्यात आणि साताऱ्यात सारखाच लागतो. त्याला कोणी ग्लास फिरवून दाद देतं का?

चपटी_कुमार :
सांबाराला नावं ठेवायचं काम नाही.
बाकी एक शंका. ही भारतात भरलेली स्कॉच म्हणजे इथलंच स्पिरिट मिसळलेलं ना? आमचा वाईन शॉपवाला तर छातीठोकपणे सांगतो की ओरिजिनल फक्त एअरपोर्टवर.

लीथकर :
वाईन शॉपवाल्याला सांगा, चूक. सिंगल माल्ट स्कॉटलंडमध्येच बाटलीबंद करावी लागते, २०१२ पासून तसा नियम आहे. ब्लेंडला ते बंधन नाही. ती तिथेच मुरवून, मोठ्या टाक्यांतून बाहेर पाठवता येते आणि जिथे जाईल तिथे पाणी घालून बाटलीत भरता येते. इथलं मळीचं स्पिरिट त्यात घातलं तर तिला स्कॉच म्हणताच येणार नाही. उलट गंमत अशी की मी इथे एडिंबरोत घेतो ती ४० टक्के अल्कोहोलची, ७०० मिलीची. तुमच्याकडची ४२.८ टक्के आणि ७५० मिली. म्हणजे तुम्हालाच जरा घट्ट मिळते.

मात्र धागाकर्त्यांनी हिच्याभोवती फार आरास करू नये. इथे ती सुपरमार्केटच्या खालच्या फळीवर असते आणि पेन्शनर मंडळी पबमध्ये अर्ध्या पाइंट बियरच्या जोडीला तिचा छोटा पेग घेतात. 'हाफ अँड अ हाफ' म्हणतात. कोणी सातूचं पीठ वगैरे शोधत बसत नाही. गप्पा चालू असतात, ग्लास रिकामा होतो.

काजूबोंडू :
लीथकरांना अनुमोदन. आणि मुळात चवच शोधायची तर परदेशी धणे कशाला? त्याच पैशांत गोव्यातली भट्टीची काजू फेणी येते, वर मासळीलाही पैसे उरतात. फेणीला २००९ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय. ना रंग, ना कमिशन. आणि वास असा की शेजाऱ्यालाही चव कळते.

चपटी_कुमार :
शेजाऱ्याला कळते हीच तर अडचण आहे, राव. शिवाय गोव्याहून आणताना बांद्याच्या नाक्यावर डिकी उघडायला लावली की सगळी चव उतरते.

जुनी_मुंबई :
अवांतर : स्वस्त स्कॉच आणि मुंबईचं नातं जुनं आहे. ब्लॅक डॉग ही ब्लेंडेड स्कॉच मुळात फिप्सन कंपनीची. हे फिप्सन म्हणजे फोर्ट भागातले दारूचे व्यापारी आणि १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक. सोसायटीचा संसार सुरुवातीला बरीच वर्षं त्यांच्याच जागेत होता. म्हणजे खाली पिंपं आणि आसपास पेंढा भरलेले साप-पक्षी. त्यांचे सहकारी मिलार्ड यांनीच पुढे लहानग्या सालिम अलींना पिवळ्या गळ्याच्या चिमणीची ओळख पटवून दिली. माशाच्या गळाला लावायच्या कृत्रिम माशीवरून ब्लॅक डॉग हे नाव पडलं अशी कथा कंपनीवाले सांगतात, ती ज्यानं त्यानं पाण्यासोबत घ्यावी.

हिशेबनीस :
सगळे चवीवर घसरलेत, मुद्दा कराचा आहे. ज्या बाटलीला तुम्ही 'स्वस्तातली' म्हणता तिच्यावर वर्षानुवर्षं १५० टक्के सीमाशुल्क बसत आलं. वर राज्याचं वेगळं. २०२१ मध्ये महाराष्ट्रानं आयात स्कॉचवरचं उत्पादन शुल्क ३०० वरून १५० टक्क्यांवर आणलं, तेव्हा गोवा-दिल्लीच्या फेऱ्या जरा थंडावल्या. जुलै २०२५ च्या ब्रिटनसोबतच्या करारात सीमाशुल्क आधी ७५ आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांपर्यंत उतरवायचं ठरलंय. जी वस्तू तिकडे खालच्या फळीवर असते ती इकडे करामुळे शोकेसमध्ये जाते आणि मग आपण तिच्यात मध, सफरचंद शोधतो. तुम्ही चव घेत नाही आहात, पावती चाखताय.

सुगरणीचा_खोपा :
हिशेबनीस, पावती चाखतात हे माल्टवाल्यांनाही लागू आहे बरं, जास्तच.
मी मसाल्यांच्या कंपनीत दहा वर्षं वास घ्यायचा पगार घेतला, म्हणून दोन शब्द. पाण्यानं धूर पुढे येतो हा भास नसावा. २०१७ मध्ये स्वीडनमधल्या दोन संशोधकांनी संगणकावर मांडणी करून दाखवलं की अल्कोहोल कमी केलं तर ग्वायकॉल, म्हणजे धुरकट वासाचा रेणू, द्रवाच्या पृष्ठभागाकडे सरकतो. नाक तिथेच असतं. व्हिस्कीचे ब्लेंडरही नमुना पाणी घालून २० टक्क्यांच्या आसपास आणूनच हुंगतात. तेव्हा 'नीटच (neat, म्हणजे पाणी-सोडा न घालता) प्यायली पाहिजे' म्हणणारे स्वतःचंच नुकसान करतात.
पण तिसरा_पेग, तुमचं गोडा मसाल्याचं प्रकरण नावं झाकून सिद्ध करा. आमच्याकडे लेबल दिसत असताना कोणाचंही मत धरत नसत.

निर्व्यसनी_नाना :
स्वागत आहे म्हणालात म्हणून लिहितो. आमच्या थोरल्या भावानंही सुरुवात चवीपासूनच केली होती. तोही वास घ्यायचा, आम्हाला घ्यायला लावायचा. शेवटी शेवटी चपटीचं बूच दातानं काढायचा. स्कॉच आणि देशी यांतला फरक त्याच्या यकृताला कळला नाही. चर्चेत मिठाचा खडा टाकायचा नाही, पण अशा चव घेण्याला लावतात तो 'ॲप्रिसिएशन' हा शब्द मला गुळगुळीत वाटतो.

तिसरा_पेग :
नाना, यावर माझ्याकडे उत्तर नाही. ३० मिलीला दहा मिनिटं थांबणं हा माझ्यापुरता लगाम आहे, सगळ्यांना तो पुरेल असं म्हणणार नाही.

खोपाताई, आव्हान स्वीकारलं. शनिवारी करतो.

माल्टमार्तंड :
साक्षीदार म्हणून मी येतो. माझी बाटली मी आणीन.

तिसरा_पेग :
(रविवार) तर निकाल. आम्ही पाच जण. ग्लासांच्या बुडाला नंबराच्या चिठ्ठ्या, ओतायला बायको, जी पीत नाही आणि जिला या सगळ्याची गंमत वाटत होती. टीचर्स, आणखी एक तशीच स्कॉच ब्लेंड, एक देशी व्हिस्की आणि मार्तंडांची सिंगल माल्ट.

पहिली फेरी नीट. देशी पाचही जणांनी ओळखली. बेकरीत शिरल्यासारखा व्हॅनिला. माल्ट चौघांनी. आणि दोन ब्लेंड मी उलटसुलट केल्या. ज्या ग्लासाला 'हाच तो बंब' म्हणालो, त्यात टीचर्स नव्हती. बायकोनं चिठ्ठी दाखवली तेव्हा मार्तंड काही बोलले नाहीत, नुसते शेंगदाणे खात राहिले.

दुसरी फेरी पाणी घालून. या वेळी मी टीचर्स ओळखली, पाचातल्या तिघांनी ओळखली. धूर खरंच वर आला. तिसरी सोडा घालून, तिथे ती आणखी स्पष्ट. म्हणजे माझ्या मित्राचं 'सोड्यात घालायला' हे म्हणणं, मला राग आला त्या अर्थानं नव्हे, पण बरोबर निघालं. नीटच्या वर्णनातलं सातूचं पीठ मी मागे घेतो. बंब मागे घेत नाही.

माल्टमार्तंड :
प्रामाणिकपणाबद्दल मानलं. नोंदीसाठी : दुसऱ्या फेरीत तिघांपैकी एक मी होतो. मात्र ओळखता आली म्हणजे आवडली असं नाही. ग्रेनचा तो पोकळपणा पाण्यानं आणखी उघडा पडतो, मधेच चव तुटल्यासारखी होते. गोड्या मसाल्याचं मान्य, धण्यांचंही निम्मं मान्य. पण आमटी पातळ आहे.

सुगरणीचा_खोपा :
एकाच बैठकीवरून निष्कर्ष काढू नका. चौथ्या ग्लासापर्यंत जीभ बधिर होते, क्रम बदलून पुन्हा करा. मधे पाणी आणि कोरी पोळी, शेंगदाणे अजिबात नाहीत. मीठ आणि तेलानं सगळं बिघडतं.

माल्टमार्तंड :
शेंगदाण्यांशिवाय मी येणार नाही.

चपटी_कुमार :
मी येतो, कोरी पोळी चालेल. खंब्यात किती उरलीय?