जॉन्सटाउनचं पूर स्मारक: आई आणि मुलाला घेऊन जायचंय, सल्ला हवा

रानवारा:
नमस्कार मंडळी, आम्ही पिट्सबर्गला असतो. आई पुण्याहून आलीये आणि ३१ मे ला तिला जॉन्सटाउनला न्यायचं चाललंय. १८८९ साली याच तारखेला साउथ फोर्कचं धरण फुटून २,२०९ माणसं गेली, त्या धरणाच्या जागेवर आता नॅशनल पार्कवाल्यांचं स्मारक आहे आणि जॉन्सटाउन गावात वेगळं म्युझियम आहे, एवढं वाचलंय. आई पानशेतच्या वेळी नऊ वर्षांची होती, नारायण पेठेतलं त्यांचं घर पाण्यात गेलं. म्हणून मी तिला आधीच विचारलं की तुला त्रास होणार असेल तर दुसरीकडे जाऊ, पण ती म्हणते मला बघायचंय. तिचे गुडघे दुखतात, फार चढउतार जमत नाही. मुलगा ११ वर्षांचा आहे. आधी धरण बघू की गाव, एका दिवसात दोन्ही होईल का, आणि तिथे जी फिल्म दाखवतात ती मुलाला झेपेल का? कोणी जाऊन आलं असेल तर सांगा प्लीज.

धरणवेडा:
आधी धरण, मग गाव. पाणी ज्या वाटेने गेलं त्याच वाटेने जा. मी तीनदा गेलोय, पहिल्यांदा उलट केलं होतं आणि गावातल्या म्युझियममध्ये नुसते फोटो बघून काही उमगलंच नव्हतं.

पिट्सबर्गहून दीडेक तास लागतो, सकाळी लवकर निघालात तर एका दिवसात आरामात होतं. स्मारक गावात नाहीये हे लक्षात ठेवा, ते सेंट मायकेलजवळ आहे, नुसतं जॉन्सटाउन टाकलं तर जीपीएस खाली शहरात नेऊन सोडेल.

तिथे गेल्यावर बघायला धरण नाही, धरणाची फट आहे. दोन्ही टोकांना मातीच्या भिंतीचे उरलेले भाग आणि मधे मोकळी जागा, तिच्यातून आता रेल्वेलाइन जाते. व्हिजिटर सेंटर वर टेकाडावर आहे, तिथून खाली हिरवी दरी दिसते, ती तळ्याची तळजमीन. भिंत ७२ फूट उंच आणि ९३१ फूट लांब होती. हे आकडे तिथे उभं राहून मुलाला सांगा, समोर दोन्ही टोकं दिसत असतात त्यामुळे मधे काय होतं ते पोरांना बरोबर कळतं.

आणि पाऊस जास्त झाला म्हणून फुटलं एवढंच सांगून थांबू नका त्याला. पाऊस भयंकर होताच, पण ते धरण मुळात कालव्याला पाणी पुरवायला सरकारने बांधलेलं, नंतर पडून राहिलं, मधल्या एका मालकाने तळातले पाणी सोडायचे लोखंडी पाइप काढून भंगारात विकले. १८७९ मध्ये श्रीमंतांच्या फिशिंग क्लबने ते घेतलं (कार्नेगी, फ्रिक, मेलन हे सगळे मेंबर), डागडुजी केली ती माती, पेंढा, झुडपं घालून आणि पाइप काही परत बसवले नाहीत. म्हणजे तळं कधी रिकामं करून नीट दुरुस्ती करायची सोयच उरली नाही. वरून घोडागाड्या जाव्यात म्हणून भिंतीचा माथा कापून खाली घेतला, आणि मासे वाहून जाऊ नयेत म्हणून सांडव्याला (जादा पाणी बाहेर जायच्या वाटेला) जाळ्या लावल्या. त्या दिवशी जाळ्यांमध्ये कचरा अडकला, सांडवा तुंबला आणि पाणी माथ्यावरून वाहायला लागलं. मातीच्या धरणावरून पाणी गेलं की संपलं. मी याच कामात आहे, त्यामुळे सांडव्याच्या जागी उभं राहिलं की मला खरंच राग येतो.

निळी_शाई:
फिल्मबद्दल. ३५ मिनिटांची आहे आणि अंगावर येते. माझी मुलगी आठ वर्षांची असताना नेली होती, ती घाबरली आणि आम्हाला मधेच उठावं लागलं. ११ वर्षांच्याला चालेल बहुतेक, पण आधी सांगून ठेवा काय आहे ते. तुमच्या आईंना मात्र फिल्मच्या आधी विचारा, मला वाटतं त्यांना ती मुलापेक्षा जास्त जड जाईल.

मुलाला व्हिक्टर हायझरची गोष्ट सांगा. १६ वर्षांचा पोरगा, वडिलांनी घोडे सोडायला गोठ्यात पाठवलं, परत फिरतोय तोवर लोंढा आला आणि तो गोठ्याच्या छपरावर चढला. आईवडील त्याच्या डोळ्यांदेखत घरासकट गेले. पुढे तो डॉक्टर झाला. सेंटरमध्ये ढिगाऱ्यात छपराला धरून राहिलेला त्याचा पुतळा आहे, माझी मुलगी फिल्म विसरली पण तो मुलगा अजून विसरली नाही.

चालण्याचं म्हणाल तर सेंटरच्या खिडकीतूनही बरंच दिसतं. पलीकडच्या साउथ अबटमेंटला (भिंतीचं दक्षिणेकडचं उरलेलं टोक) गाडीने जाता येतं, आईंना तिकडूनच दाखवा, नॉर्थच्या बाजूला उतार आहे. तिकीट नाही.

मावळतवाट:
३१ मे लाच जाताय तर संध्याकाळपर्यंत थांबता आलं तर थांबा. त्या दिवशी स्मारकावर २,२०९ दिवे लावतात, एकेका माणसाचा एक. कार्यक्रमाची वेळ पार्कच्या साइटवर बघून घ्या. दुपारी खाली गावात जाऊन परत वर यायचं, असं आम्ही केलं होतं.

गावात म्युझियमपेक्षा मी ग्रँडव्ह्यू स्मशानभूमी सांगेन. ज्यांची ओळखच पटली नाही अशांच्या ७०० हून जास्त पांढऱ्या संगमरवरी पाट्या ओळीने उभ्या आहेत आणि एकीवरही नाव नाही. ९९ घरं अशी की घरातलं एकही माणूस उरलं नाही, मग ओळखणार कोण. गाडी जवळपर्यंत जाते. स्टोन ब्रिजपण बघा, सगळा ढिगारा तिथे अडकला आणि त्याला आग लागली, पाण्यातून वाचलेले तिथे जळून गेले. इन्क्लाइन (ती डोंगरावर जाणारी रेल्वे) बरीच वर्षं दुरुस्तीसाठी बंद होती, आधी चौकशी करा.

रानवारा:
सगळ्यांचे खूप आभार. धरणवेडा, एक विचारते, क्लबवाल्यांना शिक्षा झाली का? हा मुलगा पहिला प्रश्न तोच विचारणार.

धरणवेडा:
नाही. केसेस झाल्या पण कोर्टाने क्लबला जबाबदार धरलं नाही, देवाची करणी ठरली. मेंबरांपैकी काहींनी मदत दिली, कार्नेगीने गावाची लायब्ररी परत बांधून दिली, आता त्याच इमारतीत म्युझियम आहे. त्याला हे दोन्ही सांगा. आणि खालच्या लोखंड कारखान्याच्या माणसाने १८८० मध्येच धरण बघून दुरुस्तीत खोट आहे असं लिहून दिलं होतं, हेही सांगा. क्लबने ऐकलं नाही.

रानवारा:
जाऊन आलो, म्हणून लिहितेय. फिल्म आईने बघितली नाही, मी आणि मुलगा बघून आलो तोवर ती बाहेर बाकावर दरीकडे तोंड करून बसली होती. मग साउथ अबटमेंटला गेलो. मुलगा तिला सांगत होता की दुपारी ३ वाजून १० मिनिटांनी फुटलं आणि ४ वाजून ७ मिनिटांनी पाणी गावात पोचलं, १४ मैल. आई म्हणाली, म्हणजे तासभर होता. मी सांगितलं की तारा पाठवल्या होत्या, पण दरवर्षी कोणीतरी धरण फुटणार म्हणायचंच, त्यामुळे कोणी मनावर घेतलं नाही. ती म्हणाली आमच्याकडेपण अफवाच म्हणत होते सगळे, बाबा ऑफिसला निघाले होते, शेजारच्या काकू ओरडत आल्या म्हणून आम्ही पर्वतीकडे पळालो. शेजारच्या काकूंचं मी आजवर कधीच ऐकलं नव्हतं.

संध्याकाळी दिव्यांना थांबलो. मुलाने मोजायला सुरुवात केली, दोनशेच्या पुढे चुकला, परत पहिल्यापासून मोजायला लागला. आई त्याच्याबरोबर हळूहळू चालत राहिली, गुडघ्याचं नावही काढलं नाही.