जुने डिझेल ट्रक बदलायला ग्रँट मिळते का? छोट्या कंपनीला? (ह्यूस्टन)

ह्यूस्टनची_वहिनी

नमस्कार मंडळी. नवरा आणि दीर मिळून छोटी ट्रकिंग कंपनी चालवतात, पोर्टवरून कंटेनर उचलायचे आणि आसपासच्या वेअरहाऊसना पोचवायचे एवढंच काम, हिशोब आणि कागदपत्रं सगळी माझ्याकडे. चार ट्रक आहेत, त्यातले दोन बरेच जुने, एक २००५ चा आणि एक २००७ चा. चालतात व्यवस्थित, पण पोर्टच्या गेटवर लायनीत तासन् तास इंजिन चालू ठेवून उभं राहावं लागतं आणि तो काळा धूर आपल्याच आणि मागच्या ड्रायव्हरच्या छातीत जातो. दिरांचा खोकला जात नाहीये म्हणून आता मनावर घेतलंय.

एका डीलरने सांगितलं की जुने ट्रक बदलले तर सरकार ग्रँट देतं, "तुम्ही ट्रक आत्ता घ्या, जुने आम्हाला एक्स्चेंजमध्ये द्या, ग्रँटचे पैसे मागाहून येतील, फॉर्म आम्ही भरतो". ऐकायला छान वाटतंय पण कुठेतरी शंका येतेय. खासगी कंपनीला खरंच पैसे मिळतात का, किती मिळतात, आणि इलेक्ट्रिकच घ्यावा लागतो का? कुणी केलंय का हे?

फ्लीटवाला

वहिनी, सगळ्यात आधी, कशावरही सही करू नका आणि जुने ट्रक कुणालाही देऊ नका. मी एका शहराच्या फ्लीट डिपार्टमेंटला आहे आणि असे अर्ज बरीच वर्षं हाताळतोय, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

या सगळ्या योजनांमागचा विचार एकच आहे, सरकार तुमच्या नव्या ट्रकसाठी पैसे देत नाहीये, ते जुनं इंजिन रस्त्यावरून कायमचं जावं म्हणून पैसे देतंय. हे एकदा लक्षात आलं की बाकीचे नियम आपोआप कळतात. मंजुरीच्या आधी ट्रक घेतलात तर सरकार म्हणणार, हे तर तुम्ही आमच्या पैशाशिवायही करणारच होतात, मग आम्ही कशाला द्यायचे? अर्ज बाद. आणि जुना ट्रक डीलरला एक्स्चेंजमध्ये दिलात तर तो दुसऱ्या कुणाला विकणार, म्हणजे धूर तिथेच, फक्त मालक बदलला. म्हणून जुना ट्रक मोडावाच लागतो. इंजिनच्या ब्लॉकला आरपार किमान तीन इंचाचं भोक पाडायचं आणि चासीचे दोन्ही रेल कापायचे. त्याचे फोटो द्यावे लागतात, भोकाचा, कापलेल्या रेलचा, व्हीआयएनच्या (गाडीच्या ओळख क्रमांकाच्या) पट्टीचा, इंजिनच्या सीरियल नंबरचा. भोकाच्या फोटोत आम्ही टेप धरतो, म्हणजे तीन इंच आहे की नाही यावर नंतर वाद नको. एक्स्चेंजची किंमत तुम्हाला मिळणार नाही, भंगाराचे जे येतील ते. हा तोटा हिशोबात आधीच धरा, बरेच जण इथेच चुकतात.

आता तुम्ही टेक्सासमध्ये आहात तर पहिलं दार टर्पचं, म्हणजे टेक्सास एमिशन्स रिडक्शन प्लॅन. २००१ पासून चालू आहे, टीसीईक्यू, म्हणजे राज्याचं पर्यावरण खातं, चालवतं, खासगी कंपन्या थेट अर्ज करू शकतात आणि ह्यूस्टनचा भाग त्यात येतो. अर्ज कायम उघडे नसतात, ठरावीक काळासाठी उघडतात, आणि रिबेट प्रकारात जो आधी येईल त्याला आधी असतं, म्हणजे कागद आधीच तयार हवेत. अट अशी की ट्रक मागची दोन वर्षं तुमच्याच नावावर असला पाहिजे आणि टेक्सासमध्ये रोजच्या कामात असला पाहिजे. मागे गवतात उभा असलेला चालत नाही, कारण उभा ट्रक धूर सोडत नाही, मग तो मोडून हवेला काय फायदा? आणि नवा ट्रकसुद्धा पुढे काही वर्षं ठरलेल्या काउंटींमध्ये चालवून दर वर्षी रिपोर्ट द्यायचा. मधेच विकलात किंवा दुसऱ्या राज्यात नेलात तर पैसे परत मागू शकतात.

दुसरी डेरा, जुन्या डिझेलचा धूर कमी करायची केंद्राची योजना, ईपीएची म्हणजे केंद्राच्या पर्यावरण संस्थेची. २००५ च्या कायद्यातून आली, पैसे २००८ पासून वाटायला लागले. इथे खासगी कंपनी थेट अर्ज करत नाही. राज्यं, शहरं, ट्रायबल सरकारं, पोर्ट ऑथॉरिटी, काही ना-नफा संस्था अर्ज करतात आणि मग ते पैसे तुमच्यासारख्यांपर्यंत पोचवतात. म्हणून ह्यूस्टन-गॅल्व्हेस्टन एरिया कौन्सिलला (तुमच्या भागातल्या स्थानिक सरकारांची संघटना) फोन करून विचारा की ड्रेएज ट्रकसाठी सध्या काही चालू आहे का. तुम्ही पोर्टचं काम करता म्हणजे तुम्ही ड्रेएज, हा शब्द अर्जात आणि फोनवर आवर्जून वापरा, कारण ड्रेएजला बऱ्याच ठिकाणी वेगळा आणि जास्त टक्का असतो.

तिसरा फोक्सवॅगनचा फंड. २०१५ मध्ये त्यांचं डिझेल प्रकरण (धुराच्या चाचणीतली फसवणूक) उघडकीला आल्यानंतर जे सेटलमेंट झालं त्यातून सगळ्या राज्यांना मिळून २.९ अब्ज डॉलरच्या आसपास पैसे ठेवले गेले, टेक्सासच्या वाट्याला २०९ मिलियन. बऱ्याच राज्यांत ते आता संपत आलेत, पण टक्के समजून घ्यायला तो चांगला नमुना आहे. खासगी मालकाच्या मोठ्या ट्रकला नवं डिझेल घेतलं तर जास्तीत जास्त २५ टक्के, ड्रेएज असेल तर ५०, आणि इलेक्ट्रिक घेतलं तर ७५ पर्यंत. म्हणजे इलेक्ट्रिकची सक्ती नाही, पण जितकं स्वच्छ तितका टक्का जास्त. आणि इलेक्ट्रिकला टक्का जास्त असला तरी मूळ किंमतही खूप जास्त असते, शिवाय चार्जर कुठे बसवणार ते बघावं लागतं, म्हणून टक्क्याला भुलू नका, स्वतःच्या खिशातून किती जाणार तो आकडा काढा.

फ्रेस्नोचा_शेतकरी

वर लिहिलंय ते शंभर टक्के खरं. आमच्याकडे बदामाची बाग आहे, कॅलिफोर्नियात ट्रॅक्टरचं असंच केलं. इथे कार्ल मॉयर प्रोग्राम आहे, १९९८ पासून, पैसे राज्याचे पण वाटप आपापल्या एअर डिस्ट्रिक्टकडून, म्हणजे हवेचं प्रदूषण बघणाऱ्या स्थानिक खात्याकडून. शेतीच्या अवजारांसाठी फार्मर नावाचा वेगळा आहे. आणि कुठल्याही राज्यात शेती करत असाल तर एनआरसीएसच्या (केंद्राच्या शेती खात्याची शाखा) ऑफिसात जाऊन त्यांच्या इक्विप योजनेबद्दल विचारा, डिझेलचा जुना पाण्याचा पंप बदलायलासुद्धा त्यातून मदत होते, हे आपल्या लोकांना माहीतच नसतं. तिथेही तोच नियम, करार होण्याआधी काम सुरू केलं तर पैसे विसरा.

एक गोष्ट टेक्सासवाल्यांना कदाचित लागणार नाही पण इतरांसाठी लिहितो. जे बदलणं कायद्याने तसंही सक्तीचं आहे त्यासाठी ग्रँट साधारणपणे मिळत नाही. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२३ पासून जवळपास सगळ्या मोठ्या ट्रकना २०१० किंवा नंतरचं इंजिन सक्तीचं झालं, त्यानंतर "माझा २००४ चा ट्रक आहे, पैसे द्या" म्हणत गेलेल्या लोकांना हात हलवत परत यावं लागलं. मुदत यायच्या आधी वेळ असतानाच अर्ज करायचा असतो. आज करू उद्या करू करत बसलेल्यांचं फार नुकसान झालं, आमच्या ओळखीत आहेत असे, खूप वाईट वाटतं.

आकडेमोड

टॅक्सचं लिहायला कुणी विसरू नये म्हणून. बिझनेसला मिळालेली ग्रँट साधारणपणे उत्पन्नात धरली जाते, १०९९ नावाचा टॅक्सचा फॉर्म येतो. ज्या वर्षी पैसे येणार त्या वर्षी सीपीएला आधीच सांगा म्हणजे डेप्रिसिएशन त्याच वर्षी लावून बरंचसं बसवता येतं. आणि बहुतेक ठिकाणी पैसे आधी मिळत नाहीत, बिल दाखवल्यावर मिळतात, म्हणजे मधल्या काळासाठी बँकेचं लोन मंजूर करून ठेवावं लागतं. इलेक्ट्रिक ट्रकवर केंद्राचं ४०,००० डॉलरपर्यंतचं टॅक्स क्रेडिट होतं ते ३० सप्टेंबर २०२५ नंतर घेतलेल्या गाड्यांना नाही. अजूनही कुणी ते दाखवून ट्रक विकत असेल तर त्याच्यापासून लांब राहा.

ह्यूस्टनची_वहिनी

सगळ्यांचे मनापासून आभार, डीलरला आजच नाही कळवते. दोन शंका. २००७ चा ट्रक चालेल का, की तो नवीन धरतात? आणि २००५ च्या ट्रकचे मैलांचे लॉग आमच्याकडे नीट नाहीत, दीर वहीत लिहायचे आणि ती वही मधेच बंद झाली.

फ्लीटवाला

ट्रकचं साल बघू नका, इंजिनचं बघा. २००७ च्या चासीत बऱ्याचदा २००६ चं इंजिन असतं, आणि इथे त्या एका वर्षाने सगळं बदलतं. २००७ पासून काजळीचं स्टँडर्ड ०.१ वरून ०.०१ ग्रॅमवर आलं, म्हणजे दहापट कडक, म्हणून त्या इंजिनांना डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारे फिल्टर आले. २००६ चं इंजिन निघालं तर त्याला फिल्टर नसणार आणि तुमचा अर्ज बराच भक्कम होतो, कारण वाचलेला धूर जास्त मोजला जातो. बॉनेट उघडा, व्हॉल्व्ह कव्हरवर किंवा बाजूला एमिशनचं लेबल असतं, ग्रीस आणि धुळीने झाकलेलं असेल, चिंधी घेऊन हळू पुसा, खरवडू नका, अक्षरं निघून येतात. त्यावर मॉडेल इयर आणि इंजिन फॅमिली लिहिलेली असते. स्वच्छ फोटो काढून ठेवा, अर्जात हेच लागतं.

लॉगचं टेन्शन घेऊ नका, पण अंदाजे आकडा मात्र चुकूनही लिहू नका. ऑइल चेंजची बिलं काढा, गॅरेजवाला त्यावर ओडोमीटर लिहितो. वार्षिक इन्स्पेक्शनचे रिपोर्ट काढा. डिझेलच्या कार्डाची स्टेटमेंट्स, पोर्टच्या गेटच्या पावत्या, सगळं तारखेप्रमाणे लावा. दोन वर्षांच्या दोन टोकांचे दोन भरवशाचे ओडोमीटर आकडे सापडले की मधलं गणित होतं. आणि आजपासून महिन्यातून एकदा डॅशबोर्डचा फोटो काढत जा, दोन्ही ट्रकचा.

दिरांना डॉक्टरकडे न्या मात्र, त्यासाठी ग्रँटची वाट बघू नका. २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने डिझेलच्या धुराला पहिल्या गटात टाकलंय, म्हणजे कॅन्सर होतो हे सिद्ध झालेल्या गोष्टींच्या. गेटवर लायन थांबली की इंजिन बंद करायला सांगा त्यांना.

ह्यूस्टनची_वहिनी

लेबल सापडलं दादा. २००६.

फ्लीटवाला

मग आता टीसीईक्यूच्या ईमेल लिस्टला नाव घाला, अर्ज उघडले की मेल येतो. दोन ट्रकची दोन वेगळी फोल्डर करा, आणि नव्या ट्रकचं कोटेशन दोन-तीन डीलरकडून घेऊन ठेवा. फक्त कोटेशन हां, डिपॉझिट नाही.