संदर्भ व्हिडिओवरून ॲनिमेशन: पोझ जुळते, पण वजन का दिसत नाही?

कागदीघोडा:
शॉट छोटासाच आहे, एक आजोबा खुर्चीतून उठतात. टूडी, सेकंदाला २४ फ्रेम्स. मोबाइलवर स्वतःचाच व्हिडिओ काढला (३० फ्रेम्सचा), फ्रेम्स एकास एक टाइमलाइनवर टाकल्या आणि वरून चित्रं काढली. प्रत्येक चित्र व्हिडिओशी जुळतं, पण प्ले केलं की आजोबा पाण्यातून उठल्यासारखे वाटतात. संदर्भाला किती चिकटून राहायचं?

पेगबार:
आधी फ्रेम रेट बघा. ३० ची क्लिप अशी २४ वर टाकली की एका सेकंदाची हालचाल सव्वा सेकंद चालते. शिवाय मोबाइलचा रेट रेकॉर्डिंगच्या मध्येच कमीजास्त होऊ शकतो. क्लिप स्थिर २४ ला बदलून घ्या, मगच फ्रेम्स मोजा.

तिसरीरेघ:
पेगबार म्हणतात ते आधी कराच. पण तेवढ्याने वजन येणार नाही. ट्रेस करताना आपण बाह्यरेषा उचलतो, आणि वजन बाह्यरेषेत नसतं. मला हा विषय फार जवळचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमची क्लिप एकेक फ्रेम पुढे सरकवत बघा. आधी पावलं मागे, गुडघ्यांखाली येतील. मग धड पुढे झुकेल, डोकं पार गुडघ्यांच्या पुढे जाईल, आणि भार पावलांवर आल्यावरच बूड खुर्चीवरून सुटेल. ती सुटण्याची फ्रेम शोधा. सगळा शॉट तिच्यावर उभा आहे. आता प्रत्येक फ्रेमवर कमरेच्या जागी एक ठिपका द्या. सुटण्याआधी ठिपके दाटीने येतात, मग अंतर वाढतं, आणि उभं राहता राहता पुन्हा दाटी होते. हे अंतर व्हिडिओतून घ्यायचं.

आणि व्हिडिओत उठताय तुम्ही, आजोबा नव्हे. आजोबा आधी हात टेकतील, एकदा झुकून अंदाज घेतील, सुटण्याआधी थोडे जास्त थांबतील. त्या चार-पाच मुख्य पोझ अंगठ्याएवढ्या काढा, खांदे व्हिडिओपेक्षा जास्त खाली घ्या, आणि व्हिडिओ बंद करून शॉट काढा.

कागदीघोडा:
ठिपके देऊन पाहिले. माझ्या चित्रांत ते जवळपास सारख्याच अंतरावर आलेत! पण व्हिडिओ पूर्णच बंद करायचा?

तिसरीरेघ:
सापडलं की मग! आणि नाही, अडलं की उघडायचा. नुसत्या आठवणीवर विसंबू नका. चौखूर धावणाऱ्या घोड्याचे चारही पाय हवेत असतात ते पोटाखाली गोळा झालेले असताना. १८७८ मध्ये मायब्रिज या छायाचित्रकाराच्या फोटोंनी ते दाखवलं, तोवर चित्रकार सर्रास पाय पुढेमागे ताणलेले काढत होते.

पेगबार:
पुन्हा शूट केलंत तर मोबाइल लांब ठेवून झूम करा. जवळून वाइड लेन्सने घेतलं की पुढे आलेला हात आणि डोकं अवास्तव मोठं दिसतं. पावलं फ्रेमच्या बाहेर जाऊ देऊ नका, आणि जमलं तर दुसरा मोबाइल समोरून लावा. भार कुठल्या पायावर जास्त आहे ते बाजूच्या कोनातून कळत नाही.